कुटुंबाचा डॉक्टर देगलूरला घडवा!

दरवर्षी वैद्यकीय प्रवेशपरीक्षेचा निकाल लागला की लातूर आणि नांदेड ह्या दोन शहरांतील चौक गुणवंत मुलामुलींच्या छायाचित्रांनी झाकून जातात. वर्तमानपत्रांची पाने शिकवणीवर्गांच्या जाहिरातींनी भरतात. आणि त्या जाहिराती छापणाऱ्यांत आम्हीही असतो, हे आरंभीच कबूल केलेले बरे. ‘लातूर पॅटर्न’ ह्या नावाचा दबदबा आज साऱ्या महाराष्ट्रात आहे. शेतमजुराची मुलगी आणि एस. टी. च्या वाहकाचा मुलगाही डॉक्टर होऊ शकतो, हा विश्वास ह्या पॅटर्नने मराठवाड्याला दिला, ह्याबद्दल त्याचे ऋण मानलेच पाहिजे. १९५६ साली तेव्हाच्या औरंगाबादेस सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघेपर्यंत ज्या प्रदेशात आधुनिक वैद्यक शिकविणारे एकही महाविद्यालय नव्हते आणि ज्याच्या मुलांना त्यासाठी हैदराबादेची वाट धरावी लागे, तोच प्रदेश आज दूरदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयांना विद्यार्थी पुरवितो, ही गोष्ट लहान नव्हे. परंतु अभिमानाच्या ह्या फलकाखाली उभे राहून एक साधा प्रश्न विचारला, तर भलेभले निरुत्तर होतात. एवढे डॉक्टर पिकविणाऱ्या ह्या भूमीत देगलूर तालुक्यातील गरीब माणसाला आपला म्हणावा असा, त्याला आणि त्याच्या घराला ओळखणारा डॉक्टर का मिळू नये?

देगलूरचेच नाव आम्ही का घेतो, ते सांगितले पाहिजे. नांदेडपासून सुमारे ऐंशी किलोमीटरवर, हैदराबादेच्या रस्त्यावर वसलेले हे गाव महाराष्ट्राच्या अगदी कडेला आहे. चार पावले पुढे गेले की तेलंगण लागते, उजवीकडे वळले की कर्नाटक. बाजारात मराठीबरोबर तेलुगू, कानडी आणि दख्खनी उर्दू सारख्याच सहजतेने कानी पडते. गुंडा महाराजांच्या आणि धुंडा महाराजांच्या वारकरी परंपरेने हे नाव पंढरपूरपर्यंत पोचविले. तालुक्यातील होट्टलची चालुक्यकालीन मंदिरे पाहावयास अभ्यासक येतात. असे हे वैभवाचे गाव. पण राज्याच्या राजधानीपासून पाहिले तर ते नकाशाच्या टोकाला पडते, आणि टोकाला पडलेल्या गावाची जी गत सरकारी दप्तरात होते तीच ह्याचीही होते. देगलूरला डॉक्टर नाहीत असे आम्ही म्हणत नाही. तेथे उपजिल्हा रुग्णालय आहे, खासगी दवाखाने आहेत, आणि रात्री-अपरात्री दार उघडणारे जुने डॉक्टरही अशा गावांतून अजून आढळतात. उणीव आहे ती एका विशिष्ट प्रकारच्या डॉक्टरची, आणि तो डॉक्टर घडविण्याची व्यवस्था आपण कधी मनापासून उभारलीच नाही.

हणेगाव-मरखेलच्या बाजूचा पन्नाशीतला एखादा शेतकरी क्षणभर डोळ्यांपुढे आणा. त्याला चक्कर येते. गावातला सुई देणारा ‘डॉक्टर’, ज्याची पदवी कोणती हे कोणी विचारीत नाही, त्याला एक सलाईन लावतो आणि तरतरी आल्यासारखे वाटते. पुढे कधीतरी देगलूरला रक्तदाब मोजला जातो, तो वाढलेला निघतो, गोळ्या मिळतात. महिन्याने गोळ्या संपतात. त्रास तर काही होत नाही. सुगीचे दिवस आहेत, सोयाबीन काढायचे आहे. मग गोळीसाठी मजुरी बुडवून कोण जातो? चार वर्षांनी एका पहाटे त्याचा उजवा हात उचलत नाही. जीपगाडीतून देगलूर, तेथून नांदेड, आणि नातेवाइकांत कोणी जाणता असला तर हैदराबाद. योजनेचे कार्ड एका राज्याचे आणि रुग्णालय दुसऱ्या राज्याचे, म्हणून दोन एकर जमीन गहाण पडते. ह्या साऱ्या प्रवासात त्याला पाहणाऱ्या शिकलेल्या डॉक्टरांपैकी बहुतेकांनी आपापले काम चोख केलेले असते. पण आशाताईच्या हाती निरोप पाठवून ‘गोळ्या का थांबविल्या?’ एवढे विचारणारा एकही माणूस त्या चार वर्षांत त्याला भेटलेला नसतो. त्या शेतकऱ्याचा हात यंत्राच्या अभावी गेला नाही. कोणाची तरी त्याच्यावर नजर असावयास हवी होती, ती नव्हती म्हणून गेला.

ऑक्टोबर २०२३ च्या आरंभीचे ते दिवस नांदेडकर विसरले नसतील. विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस रुग्ण दगावले. त्यांत बारा नवजात अर्भके होती. देश हादरला, मंत्री धावून आले, मुंबई उच्च न्यायालयाने आपण होऊन त्या घटनेची दखल घेतली. औषधे कमी होती काय, माणसे कमी होती काय, ह्यावर पुष्कळ वाद झाला आणि तो व्हावयासच हवा होता. पण त्या वेळी रुग्णालयाने दिलेल्या खुलाशात एक वाक्य असे होते की, त्याचा विचार वाद शमल्यावर कोणी केला नाही. सत्तर-ऐंशी किलोमीटरच्या टापूत मोठे उपचार देणारे एवढे एकच ठिकाण असल्याने लांबलांबचे अत्यवस्थ रुग्ण तेथे येतात, असे ते म्हणणे होते. खुलासा म्हणून ते पुरेसे आहे की नाही, हा प्रश्न वेगळा. परंतु निदान म्हणून ते शंभर टक्के खरे आहे. जे मूल विष्णुपुरीला शेवटचा श्वास घेते, त्याचा आजार विष्णुपुरीला सुरू झालेला नसतो. तो कोठल्या तरी तांड्यावर, कोठल्या तरी अंगणवाडीच्या दारात, रक्त कमी असलेल्या एखाद्या गरोदर बाईच्या पोटात सुरू झालेला असतो. त्या पहिल्या दाराशी कोणी शहाणा डॉक्टर उभा नसेल, तर शेवटच्या दाराशी कितीही खाटा मांडल्या तरी त्या अपुऱ्याच पडणार!

हा पहिल्या दाराचा डॉक्टर म्हणजेच कुटुंबाचा डॉक्टर. आमच्या शहरी वाचकांना त्याची ओळख नव्याने करून द्यावयास नको. पुण्या-मुंबईच्या वाड्यांतून आणि चाळींतून, औरंगाबाद-नांदेडच्या जुन्या पेठांतून तो एके काळी हक्काने वावरत असे. कंपाउंडरने डोसाच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवून दिलेली त्याची लाल मिश्रणाची बाटली घराच्या फडताळात असे. आजोबांचा दमा, सुनेचे बाळंतपण आणि नातवाची गोवर ह्या तिन्ही गोष्टी एकाच डोक्यात साठविलेल्या असत. धाकट्या मुलाची पोटदुखी परीक्षेच्या आदल्या दिवशीच का उद्भवते, हे त्याला क्ष-किरणांवाचून कळे. तो गेला आणि त्याच्या जागी आपण काय मिळविले? एका हृदयाचा, एका गुडघ्याचा, एका मधुमेहाचा आणि एका झोपेचा असे चार तज्ज्ञ, चार फायली, आणि एकाने दिलेली गोळी दुसऱ्याच्या गोळीशी भांडते आहे हे कोणालाच ठाऊक नसणे! शहरातल्या माणसाला हे परवडते, निदान परवडते असे त्याला वाटते. देगलूरच्या माणसाजवळ ती चैन नाही.

तज्ज्ञांचा आम्ही अनादर करीत आहोत, असे कोणी समजू नये. मेंदूतील गाठ काढणारा हात हवाच. पण कोणती डोकेदुखी मेंदूतील गाठीची, कोणती चष्म्याची आणि कोणती सावकाराच्या तगाद्याची, हे पहिल्याच भेटीत ओळखणे ही स्वतंत्र विद्या आहे. लहान मुलाचा ताप, बाळंतिणीचा रक्तस्राव, सर्पदंश, क्षय, साखर, दारूचे व्यसन, आणि कर्जाने खचलेल्या माणसाच्या मनातील काळोख, हे सारे एका ओसरीवर बसून हाताळावे लागते. कोणता रुग्ण आपण सांभाळावयाचा आणि कोणता ह्याच घटकेला पुढे धाडावयाचा, ह्याचा निर्णय एकट्याने घ्यावा लागतो. अर्धवट शिकलेल्याने करावयाचे हे काम नव्हे. उलट, वैद्यकातील हे सर्वांत रुंद काम आहे, आणि म्हणूनच त्याला सर्वांत कसदार शिक्षण हवे.

ही जाणीव आपल्या देशाला नवी आहे असेही नाही. नाशिकला जन्मलेल्या सर जोसेफ भोर ह्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४६ साली आपला अहवाल दिला, तेव्हा तिने समाजाचा डॉक्टर घडविण्याचे ध्येय समोर ठेवले होते. त्याच अहवालाने लायसेन्शिएट डॉक्टरांचा अभ्यासक्रम बंद करून एकाच दर्जाचा पदवीधर तयार करावा, असेही सुचविले. त्या काळी देशातील नोंदणीकृत डॉक्टरांत निम्म्याहून अधिक संख्या ह्या लायसेन्शिएटांची होती, आणि समितीतील काही सभासदांनी ह्या एका बाबतीत आपले मत वेगळे नोंदविले होते. लायसेन्शिएट बंद झाले; ते काम सोपे होते, कारण त्याला फक्त एक सही लागत होती. समाजाचा डॉक्टर मात्र घडला नाही. कारण त्याला शाळा लागत होती, गुरू लागत होते, आणि आपले शिक्षण ज्या मोठ्या रुग्णालयांच्या भिंतींआड चालते त्या भिंती ओलांडाव्या लागत होत्या. पुढे १९७५ साली श्रीवास्तव समितीने तेच दुखणे पुन्हा सांगितले, १९७७ साली वैद्यकीय महाविद्यालयांना खेड्यांशी जोडण्याची योजना निघाली, १९७८ साली अल्माआटा येथे सर्व जगाने प्राथमिक आरोग्याची शपथ वाहिली. मराठवाड्यापुरते बोलायचे तर ह्याच दशकात अंबाजोगाईला ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघाले, आणि ‘ग्रामीण’ हा शब्द त्याच्या नावातच घातला गेला. हेतू उदात्त होता. पण नाव ग्रामीण ठेवले म्हणून अभ्यासक्रम ग्रामीण होत नाही. आणि मोठ्या शहराच्या वॉर्डात बेतलेला अभ्यासक्रम लहान गावात आणून ठेवला तरी तो शहरासाठीच डॉक्टर घडवितो.

कुटुंबवैद्यकाचे स्वतंत्र पदव्युत्तर शिक्षण इतर देशांनी केव्हाच उभे केले. ब्रिटनमध्ये १९५२ साली सामान्य व्यवसायी डॉक्टरांनी आपले स्वतःचे विद्यापीठ म्हणावे असे महामंडळ स्थापिले; १९८० नंतरच्या काळात तर विशेष प्रशिक्षणावाचून कोणालाही तेथे हा व्यवसाय करता येईनासा झाला. अमेरिकेने १९६९ साली त्याला स्वतंत्र विशेषशाखेचा मान दिला. वेल्समधील ग्लिनकॉरग नावाच्या खाणकामगारांच्या एका खेड्यात आयुष्य घालविलेल्या ज्युलियन ट्यूडर हार्ट ह्या डॉक्टरने १९७१ साली एक नियम मांडला, तो आज जगभर शिकविला जातो. जेथे वैद्यकीय मदतीची गरज सर्वांत जास्त, तेथेच ती सर्वांत कमी मिळते, हा त्याचा आशय. हा नियम त्याला मोठ्या विद्यापीठात सुचला नाही, खाणीच्या तोंडाशी सुचला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

आपल्याकडे काय आहे? राष्ट्रीय परीक्षा मंडळाचा कुटुंबवैद्यकातील तीन वर्षांचा डी. एन. बी. अभ्यासक्रम कित्येक वर्षांपासून आहे, आणि त्याच मंडळाची दोन वर्षांची पदविकाही आता आहे. केरळातील कोळिकोडच्या सरकारी महाविद्यालयाने २०११ च्या सुमारास कुटुंबवैद्यकाची एम. डी. सुरू करून देशात पहिला पायंडा पाडला. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कायद्याने तर असे अभ्यासक्रम वाढविण्याचे काम पदव्युत्तर मंडळाच्या कर्तव्यांतच घातले. कायदा आहे, अभ्यासक्रम आहे, परीक्षा आहे. तरीही पदव्युत्तर जागांच्या बाजारात कुटुंबवैद्यकाची जागा अगदी मागच्या रांगेत आहे, आणि ज्या थोड्या जागा आहेत त्यांतील निवासी डॉक्टरचा बहुतेक काळ मोठ्या रुग्णालयाच्या एका विभागातून दुसऱ्या विभागात पाहुण्यासारखा फिरण्यात जातो. पोहावयास शिकविण्यासाठी तलाव सोडून सर्व ठिकाणी नेले, असा हा प्रकार आहे!

ह्याचे मूळ आपल्या मोजपट्टीत आहे. २०२५ साली आयोगाने नियम सैल केले आणि दोनशे वीसहून अधिक खाटांच्या सरकारी रुग्णालयांना अध्यापनसंस्था होण्याची वाट मोकळी करून दिली. पाऊल स्वागतार्ह आहे. पण महाराष्ट्रातील उपजिल्हा रुग्णालये पन्नास किंवा शंभर खाटांची असतात. म्हणजे ह्या मोजपट्टीने देगलूर शिक्षणाच्या दृष्टीने जन्मभर अपात्रच ठरणार. शल्यविशारदाला किती खाटांवर शिकविले हे मोजणे योग्यच आहे. पण कुटुंबाच्या डॉक्टरचे शिक्षण खाटांवर का मोजावे? तो ज्या रुग्णांचा डॉक्टर होणार, त्यांतले बहुतेक खाटेवर नसतातच. ते शेतात असतात, शाळेत असतात, चुलीपाशी असतात. त्याच्यासाठी मोजावयाची ती कुटुंबे. त्याने किती घरे तीन वर्षे सांभाळली, किती गरोदर बायांना पहिल्या महिन्यापासून बाळाच्या वाढदिवसापर्यंत सोबत केली, रक्तदाबाच्या किती रुग्णांच्या गोळ्या अखंड चालू ठेवविल्या, ही त्याची परीक्षा. ह्या मोजपट्टीने पाहिले तर देगलूर हे गरीब गाव नसून विद्येचे श्रीमंत केंद्र ठरते.

खेड्यात काम केल्याने विद्या गंजते, हा एक मोठा भ्रम आहे. तो भ्रम मराठवाड्याच्याच एका सुपुत्राने कायमचा मोडून काढला आहे. जालना जिल्ह्यातील देहेड ह्या खेड्यात जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली रायगड जिल्ह्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्यकेंद्रात रुजू झाले. कोकणातील लाल विंचवाच्या दंशाने माणसे तडफडून मरत, आणि पुस्तकांत त्यावर खात्रीचा उपाय नव्हता. ह्या तरुण डॉक्टरने रुग्णांच्या उशाशी रात्री काढल्या, नाडी आणि रक्तदाब टिपून ठेवला, मृत्यू हृदयाच्या वाटेने येतो हे ओळखले, आणि प्राझोसिन ह्या रक्तदाबावरील औषधाचा उपयोग सिद्ध केला. जे मृत्यूचे प्रमाण शेकडा चाळिसांच्या आसपास होते ते शेकडा एकाच्या घरात आले. त्यांचे लेखन ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकाने छापले, आणि २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. बिरवाडीच्या केंद्रात कोणती प्रयोगशाळा होती? होते ते रुग्ण, आणि त्यांच्यापाशी थांबणारा डॉक्टर. एवढ्या दोन गोष्टींवर विद्या उभी राहते.

आज आपण खेड्याकडे डॉक्टर पाठवितो तो कोणत्या नात्याने? बंधपत्राच्या! सरकारी महाविद्यालयात शिकलेल्या पदवीधराने एक वर्ष सेवा करावी, नाही तर दहा लाख रुपये भरावेत. म्हणजे देगलूरची सेवा ही एक शिक्षा आणि तिची किंमत दहा लाख, असे आपणच त्या पोराच्या मनावर कोरतो. तो येतो तेव्हाच त्याच्या बॅगेत पुढल्या प्रवेशपरीक्षेची पुस्तके असतात. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्यापुढे रुग्णांची रांग असते आणि मागे शंका विचारावयास कोणी नसते. चुकून काही विपरीत घडले तर गावाचा राग झेलावयास तो एकटाच. वर्ष संपते, तो जातो, नवा येतो. आणि गावकरी प्रत्येक वेळी आपली कहाणी पहिल्यापासून सांगू लागतात. सक्तीने आणलेला पाहुणा घरचा होत नसतो. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना जिल्हा रुग्णालयात तीन महिने पाठविण्याचा नियम २०२० पासून आहे. त्यामागील तत्त्व बरोबर आहे, पण तीन महिन्यांत माणूस रुग्णालयाच्या वाटा शिकतो, गावाच्या नव्हे.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. देगलूरच्या उपजिल्हा रुग्णालयाला नांदेडच्या वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडून तेथे कुटुंबवैद्यकाचे तीन वर्षांचे निवासी शिक्षण सुरू करावे. दरवर्षी चार निवासी डॉक्टर घेतले तरी तिसऱ्या वर्षी तेथे बारा तरुण डॉक्टर उभे राहतील. पहिले वर्ष त्यांनी विष्णुपुरीला प्रसूती, बालरोग, वैद्यक, अपघात आणि मनोविकार ह्या विभागांत घालवावे. कारण मोठे आजार पाहिल्यावाचून लहान लक्षणांचे मोल कळत नाही. पुढची दोन वर्षे मात्र देगलूर आणि तालुक्यातील आरोग्यकेंद्रे हीच त्यांची शाळा. प्रत्येकाकडे एका गावातील शंभर कुटुंबे नावानिशी सोपवावीत, आणि त्या कुटुंबांची वही हाच त्याचा प्रबंध मानावा. आठवड्यातून एक दिवस नांदेडचे प्राध्यापक देगलूरला यावेत. विद्यार्थ्यांनीच नेहमी गुरूकडे जावे असे कोठे लिहिले आहे? इतर दिवशी दूरध्वनी आणि दृक्‌श्राव्य सल्ल्याची सोय आता हाताशी आहेच. आणि तीस-चाळीस वर्षे ह्या भागात व्यवसाय केलेल्या जाणत्या डॉक्टरांना मानाने व मानधनाने अध्यापक नेमावे. एखादे पोर निजले आहे की बेशुद्ध आहे, हे दारातून ओळखण्याची त्यांची नजर त्यांच्याबरोबर नाहीशी होऊ देणे ही राष्ट्रीय हानी आहे. बंधपत्राच्या वर्षात आणि ह्या शिक्षणात फरक एवढाच की, तेथे डॉक्टर दिवस मोजतो, येथे तो माणसे ओळखील. भाषेचा प्रश्नही येथेच सुटेल. तेलुगू बोलणाऱ्या म्हातारीचे दुखणे मराठीत भाषांतर करून कळत नसते. तीन वर्षे राहणाऱ्याला ती भाषा आपोआप येते.

ह्यावर आक्षेप येतील हे आम्ही जाणतो. पहिला आक्षेप: येथे येणार कोण? त्वचारोग आणि क्ष-किरणशास्त्राच्या जागांसाठी जीव टाकणारी मुले देगलूरला का येतील? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर उपदेशात नाही, पदात आणि पगारात आहे. आज कुटुंबवैद्यकाची पदव्युत्तर पदवी घेतलेल्या डॉक्टरसाठी सरकारी सेवेत शिडीच नाही, तर त्याने चढावे कोठे? प्रत्येक उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयात कुटुंबवैद्यकाचे तज्ज्ञपद निर्माण करा, त्याला इतर तज्ज्ञांइतके वेतन द्या, राहावयास धड घर द्या, आणि त्याच्या पत्नीच्या किंवा पतीच्या नोकरीची तसेच मुलांच्या शाळेची थोडी चिंता सरकारने वाहा. मग पाहा, लातूर-नांदेडच्या वर्गांतून निघालेली ह्याच मातीतील मुले येतात की नाही. केरळने २०१७ साली ‘आर्द्रम’ मोहिमेत प्राथमिक आरोग्यकेंद्रांची कुटुंब आरोग्यकेंद्रे करावयास घेतली, डॉक्टर आणि परिचारिका वाढविल्या, दुपारनंतरही बाह्यरुग्ण विभाग चालू ठेवले. केरळला जे साधते ते महाराष्ट्राला साधणार नाही, असे म्हणावयास आमची जीभ धजत नाही.

दुसरा आक्षेप असा की, अशी कामे ध्येयवादी माणसेच करू शकतात, योजनांनी ती होत नाहीत. १९६६ साली लातूरला विवेकानंद रुग्णालय उभारण्यास पुण्याहून गेलेले डॉ. अशोक कुकडे आणि त्यांचे सहकारी, जामखेडचे आरोळे दांपत्य, गडचिरोलीचे बंग दांपत्य ह्यांची नावे मग घेतली जातात. ही माणसे आम्हांला वंदनीय आहेत. घरोघर जाऊन गावातल्याच बाईच्या हातून नवजात बालके वाचविता येतात, हे बंगांनी गडचिरोलीत दाखविले आणि १९९९ साली ते जगापुढे मांडले. परंतु त्यांना वंदन करण्याआड आपण आपली जबाबदारी लपवीत आलो आहोत, हे कबूल केले पाहिजे. संत दर शतकात थोडे जन्मतात. तालुके मात्र महाराष्ट्रात साडेतीनशेहून अधिक आहेत, आणि एकट्या नांदेड जिल्ह्यात सोळा. पाणीपुरवठा भगीरथाची वाट पाहत बसत नाही, त्याला अभियंता आणि वेतनश्रेणी लागते. आरोग्याचेही तसेच आहे. साध्या, संसारी, पगारदार, पण नीट शिकलेल्या डॉक्टरला जे काम करता येते, तेच टिकते.

शेवटची गोष्ट आम्हांला सरकारला नव्हे, आमच्या वाचकांना सांगावयाची आहे. कुटुंबाच्या डॉक्टरची प्रतिष्ठा मंत्रालयात गेली नाही. ती आपल्या दिवाणखान्यात गेली. मुलगा डॉक्टर झाला असे कोणी सांगितले की आपला दुसरा प्रश्न ठरलेला असतो: ‘कशात?’ आणि तो ‘कशातच नाही, साऱ्यात’ असे म्हणाला तर आपण चेहरा पाडतो. लग्नाच्या बाजारात त्याचे मोल आपणच उतरवितो. आपल्या मुलीला देगलूरला जागा मिळाली तर तिची बदली कशी होईल ह्याच्या खटपटीला आपणच लागतो. जी विद्या आपण हलकी मानतो, ती शिकावयास हुशार मुले येत नाहीत, आणि मग हुशार डॉक्टर मिळत नाहीत म्हणून आपणच तक्रार करतो.

राज्य सरकार, नाशिकचे आरोग्यविज्ञान विद्यापीठ आणि राष्ट्रीय वैद्यकीय आयोग ह्या तिघांनी मनावर घेतले तर देगलूरची ही शाळा पुढील शैक्षणिक वर्षी सुरू होऊ शकेल. तिला नवी इमारत नको, कोनशिला नको, उद्घाटनाचा मांडव नको. हवा आहे एक आदेश, चार विद्यावेतने, काही अध्यापक आणि तीन वर्षे धीर. पुढल्या निकालाच्या दिवशी लातूर-नांदेडच्या चौकांत पुन्हा फलक लागतील, आणि त्यांवरच्या हसऱ्या चेहऱ्यांकडे पाहून आम्हांलाही आनंद होईल. पण मराठवाड्याने किती मुले डॉक्टरकीला पाठविली, ह्या हिशेबाचे कौतुक आता पुरे झाले. त्यांतली किती देगलूरच्या दाराशी परत आली, हा हिशेब मांडण्याची वेळ आली आहे.